काळ्या तंबूचा कायदा

अरब म्हटला म्हणजे आमच्याकडील सुशिक्षित कुटुंबांत साधारणतः तीन चित्रें डोळ्यांपुढें उभीं राहतात. एक, कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं मराठींत आणलेल्या सुरस व चमत्कारिक गोष्टींतला बगदादचा व्यापारी. दुसरें, पेशवाईच्या उतरत्या काळांत सरदारांच्या पदरीं असलेला, कमरेला जंबिया खोंवलेला अरब शिपाई. आणि तिसरें, एकोणिसाव्या शतकांत इराणच्या आखातांतून जहाजांत घोडे घालून मुंबईस विकावयास आणणारा सौदागर. हीं तिन्ही चित्रें आपापल्या जागीं खरीं आहेत. परंतु त्यांतला एकहि अरब तंबूंत राहणारा नाहीं. व्यापारी नगरवासी, शिपाई बहुधा दक्षिण अरबस्तानांतील हद्रमौतहून पोटासाठीं बाहेर पडलेला, आणि सौदागर बंदरावरचा. ज्या वाळवंटी अरबाच्या तोंडची भाषा शुद्ध म्हणून बसऱ्याचे जुने व्याकरणकार ती मुद्दाम ऐकावयास जात, आणि ज्याच्या तंबूपुढें बांधलेल्या घोडीची वंशावळ सांगून तो सौदागर आपल्या मालाची किंमत वाढवी, तो 'बदू' मात्र आमच्या फारसा परिचयाचा नाहीं. प्रस्तुत लेखांत त्याची ओळख करून देण्याचा विचार आहे.

ही ओळख करून देण्यांत आमचा थोडा स्वार्थहि आहे, तो आधींच सांगून टाकतों. आम्हीं पुष्कळ वर्षें विद्यार्थ्यांना राज्यसंस्थेचा इतिहास शिकविला. इंग्रज तत्त्ववेत्त्या हॉब्सच्या मताचा सारांश सांगावा, त्याच्या शेजारीं महाभारतांतील मात्स्यन्याय ठेवावा, आणि जेथें दंड धरणारा राजा नाहीं तेथें मोठा मासा लहान माशास गिळतो असा निष्कर्ष काढून तास संपवावा, हा आमचा परिपाठ. विद्यार्थी तें उतरून घेत व परीक्षेंत तसेंच लिहीत. पुढें एका सुट्टींत रुवला नांवाच्या अरब टोळीविषयींचा एक जाडा ग्रंथ हातीं आला, आणि आमच्या जुन्या टिपणांच्या कडेला आम्हांला एक प्रश्नचिन्ह काढावें लागलें. या लोकांत राजा नव्हता, कोतवाल नव्हता, तुरुंग नव्हता, लिहिलेला कायदा नव्हता. तरी पिढ्यान् पिढ्या हीं माणसें लग्नें करीत होतीं, करार पाळीत होतीं, अनोळखी वाटसरूला जेवूं घालीत होतीं आणि खुनाचाहि निवाडा करीत होतीं. हें त्यांना कसें साधलें, आणि त्याची किंमत कोणी भरली, एवढाच या लेखाचा विषय.

रुवला ही अनझा नांवाच्या मोठ्या कुळसमूहाची एक शाखा. अनझांच्या टोळ्या मूळच्या मध्य अरबस्तानाकडील. अठराव्या शतकांत त्यांतील कांहीं टोळ्या चाऱ्यापाण्यामागें उत्तरेस सरकत सीरियाच्या वाळवंटांत येऊन पोहोंचल्या. रुवलांचा उन्हाळा दमास्कस व हौरान येथील शेतीच्या कडेला जाई. पाऊस पडला कीं ते आग्नेयेस वळत. हमादचें दगडाळ पठार ओलांडून वादी सिरहानचा सखल पट्टा, आणि तेथून नफूदच्या तांबूस वाळूच्या कांठापर्यंत त्यांचे कळप जात. आज या भूमीवर सीरिया, जॉर्डन, इराक व सौदी अरबस्तान अशा चार राज्यांच्या सीमा आंखलेल्या आहेत. त्या काळीं पाऊस जेथवर पडला तेथवर मुलूख आपला, एवढीच सीमा.

त्यांच्याविषयीं आम्हांला जें कळतें तें मुख्यतः दोघां निरीक्षकांमुळें. पहिला स्विस प्रवासी बर्कहार्ट. तो १८१७ सालीं कैरो येथें वारला, आणि बदू लोकांविषयींचीं त्याचीं टिपणें १८३० मध्यें प्रसिद्ध झालीं. दुसरा आलोइस मुसिल, मोरेव्हियांत जन्मलेला झेक धर्मोपदेशक व प्राध्यापक. तो १९०८-०९ मध्यें व पुन्हां १९१४-१५ मध्यें रुवलांबरोबर त्यांच्यासारखाच हिंडला. ते त्याला शेख मूसा म्हणत. त्याचा ग्रंथ १९२८ मध्यें न्यूयॉर्क येथें निघाला, आणि आमच्या हातीं आलेला जाडा ग्रंथ तोच.

या टोळीचें पंचांग आकाशांत असे. उन्हाळ्याच्या अखेरीस पहांटे दक्षिणेकडे सुहैल तारा दिसला कीं बदूचें वर्ष पालटलें. हा सुहैल म्हणजेच आमचा अगस्ति. अगस्तीचा उदय झाला कीं नद्यांचें गढूळ पाणी निवळतें असें आमचे संस्कृत कवि मानीत. त्याच ताऱ्याकडे बदू पाण्याची पहिली आशा म्हणून पाही. पुढचा पाऊसहि ते ताऱ्यांच्या नांवानेंच मोजीत. सुहैलचा पाऊस, मग सुरैय्याचा म्हणजे कृत्तिकांचा, मग जौझाचा म्हणजे मृगाकडील तारकांचा, मग शिअराचा म्हणजे व्याधाचा, आणि शेवटीं सिमाकचा म्हणजे स्वातीचा. आमच्या आजोळीं वृद्ध माणसें ओटीवर बसून, "मृग कोरडा गेला, आतां आर्द्रा तरी लागूं दे," असें म्हणत, त्याची येथें आठवण होते. फरक इतकाच कीं आमचा शेतकरी पावसाची वाट पाहत जागच्या जागीं बसतो, आणि बदू पाऊस पडला तेथें जातो. कोठें वीज चमकली, कोणत्या खोऱ्यांत हिरवळ आली, ही बातमी त्याला धान्याहून मोलाची. म्हणून प्रत्येक वाटसरूला पहिला प्रश्न पावसाचा.

पावसामागें जातां येतें तें उंटामुळें. हिंवाळ्यांत हिरवा चारा मिळाला तर उंट कित्येक आठवडे पाण्यावांचून राहतो. उन्हाळ्यांत मात्र दर चार-पांच दिवसांनीं त्याला पाजावें लागतें, म्हणून तेव्हां विहिरींच्या आसपास राहणें भाग. उंटिणीचें दूध हें मुख्य अन्न; दमास्कसकडून आणलेले गहूं व इराकचा तांदूळ ही त्याला जोड, आणि मांस पाहुणा आला तर. उंटांच्या वयांना अरबींत जीं नांवें आहेत त्यांत या जीवनाचें सर्व अर्थशास्त्र सांठविलेलें आहे. एक वर्ष पुरें झालेली मादी 'बिन्त मखाद', म्हणजे जिची आई पुन्हां गाभण आहे अशी. दोन वर्षें पुरीं झालेली 'बिन्त लबून', म्हणजे जिची आई पुढच्या पाडसाला पाजीत आहे अशी. आणि तीन वर्षें पुरीं झालेली 'हिक्का', म्हणजे ओझें वाहण्याजोगी. आमचा शेतकरी बैलाला दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला असें म्हणतो त्यासारखेंच हें. पण येथें वासराचें वय आईच्या दुधावरून मोजलें आहे.

या नांवांत दडलेली एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिचें काम पडेल. उंटीण एका वर्षाहून अधिक काळ गाभण राहते आणि साधारणतः दोन वर्षांतून एकदां विते. म्हणजे एखाद्या दुष्काळांत किंवा साथींत कळप गेला तर तो घरच्या घरीं पुन्हां उभा करावयास माणसाचें निम्में आयुष्य जावयाचें.

आतां तंबूकडे वळूं. तंबूला अरबींत 'केसांचें घर' म्हणतात. काळ्या बकरीच्या केसांचे लांब पट्टे स्त्रिया जमिनीवर आडव्या ताणलेल्या मागावर विणतात, आणि ते एकास एक शिवून छत तयार होतें. पाऊस पडला कीं केस फुगून वीण घट्ट होते व छत गळत नाहीं. ऊन पडलें कीं वीण सैल होऊन वारा खेळतो. तंबू विणणें, उभारणें, उतरणें व उंटावर लादणें हीं सारीं कामें स्त्रियांचीं. आंत मधोमध एक विणलेला पडदा असतो. एका अंगाला संसार: पिठाच्या गोणी, पाण्याच्या पखाली, अंथरुणें, मुलें. दुसऱ्या अंगाला पुरुषांची बैठक. तिच्या मध्यें चूल, आणि पुढची बाजू सताड उघडी. पडद्याआडून बायका बैठकींतलें बोलणें ऐकत, आणि न पटल्यास आडूनच उत्तरहि देत.

ही उघडी बाजूच त्या समाजाची कचेरी, न्यायसभा आणि धर्मशाळा. पाहुणा दिसला कीं यजमान कॉफी भाजावयास घेई. बुंददाणे लांब दांड्याच्या लोखंडी पळींत भाजायचे, निववायचे आणि खलांत कुटायचे. कुटणारा कुशल असला तर तो खल तालांत वाजवी, आणि तो आवाज ऐकून शेजारच्या तंबूंतील माणसें येऊन बसत. निराळें बोलावणें करावें लागत नसे. मग कॉफीला उकळी, त्यांत वेलदोडा, आणि बिनकानाच्या लहानशा पेल्यांतून ती सर्वांना. पुरे झाली कीं पाहुण्यानें पेला किंचित हलवून परत द्यावा. या पेल्यांतला वेलदोडा मलबारच्या डोंगरांतून समुद्रमार्गें तिकडे जाई. त्याला अरबींत 'हेल' म्हणतात, आणि तो शब्द फारसीच्या द्वारें आमच्या संस्कृत 'एला' या शब्दावरून गेला असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. हमादच्या पठारावर, जेथें दहा दिवसांच्या वाटेंत एक झाड भेटूं नये, तेथें आमच्याकडील एक शब्द रोज चुलीवर उकळत होता याचें आम्हांला मोठें नवल वाटलें.

पाहुण्याविषयींचे नियम ठरलेले. तो कोण, कोठला, कशासाठीं आला, हें त्यानें खाण्याआधीं विचारूं नये. तो जेवत असतां यजमानानें बरोबर न बसतां उभें राहून वाढावें. तीन दिवस त्याला ठेवून घ्यावें. आणि तंबूंतलें अन्न त्याच्या पोटांत आहे तोंवर, म्हणजे तो उठून वाटेला लागल्यावरहि कांहीं काळ, त्याच्या जिवाची व मालाची जबाबदारी यजमानावर. हें सर्व वाचतांना 'अतिथिदेवो भव' हें उपनिषद्वाक्य आठवणें साहजिक आहे. परंतु येथें पुण्याची भाषा फारशी नाहीं. ज्या भूमीवर खाणावळ नाहीं, दुकान नाहीं, आणि उंट मेला तर मालकहि मेलाच, तेथें आजचा यजमान उद्यांचा पाहुणा असतो. प्रत्येकजण आपल्या चुलीवर दुसऱ्याच्या जिवाचा विमा उतरवीत असे, आणि त्याचा हप्ता रोकड नसून एक मारलेलें मेंढरूं व जागून काढलेली एक रात्र हा असे.

पाहुण्याच्याहि पलीकडचा एक अधिकार होता. कोणी पाठलाग होत असलेला माणूस धांवत येऊन तंबूचा खांब किंवा दोर धरी आणि "मी तुझा दखील" असें म्हणे. आमच्या 'दाखल होणें' या शब्दाचें मूळ तेंच. दखील म्हणजे आंत शिरलेला, शरण आलेला. तो चोर असो, खुनी असो, यजमानाच्या टोळीचा वैरी असो. त्या क्षणापासून त्याचें रक्षण करणें तंबूच्या मालकास भाग. मालक गरीब असला तरी चिंता नाहीं. बलाढ्य शेखालाहि त्या फाटक्या तंबूच्या दोरापाशीं थांबावें लागे. कारण तो दोर मोडला तर उद्यां त्याचा स्वतःचा दोर कोण मानणार?

आतां हें न पाळलें तर शिक्षा कोण करी? येथें आम्ही या सर्व व्यवस्थेच्या गाभ्याशीं येतों. बदू आश्रय देतांना म्हणे, "तूं माझ्या तोंडांत आहेस." अरबींतील 'वज्ह' म्हणजे तोंड, चेहरा, आणि तेंच अब्रूचें नांव. जो आपला शब्द पाळी त्याचें तोंड पांढरें. जो मोडी त्याचें काळें. हा नुसता वाक्प्रचार नव्हे. ज्यानें जामीन राहून वचन मोडलें त्याच्या नांवानें काळें फडकें उभारून त्याची नालस्ती करीत, आणि ज्यानें संकट सोसून शब्द राखला त्याच्यासाठीं पांढरें. मराठींत आपण 'तोंड काळें केलें', 'तोंड दाखवावयास जागा उरली नाहीं' असें सहज बोलतों. त्यांच्यांत या दोन वाक्यांवर सगळें न्यायखातें चाले. काळ्या तोंडाच्या माणसाला जामीन मिळत नसे, त्याची साक्ष धरीत नसत, त्याच्या घरीं मुलगी देत नसत. आणि जेथें एकट्याला जगतां येत नाहीं तेथें याहून मोठी शिक्षा कोणती?

भांडण झालें तर वादी-प्रतिवादी परंपरेचा जाणकार अशा न्यायपंचाकडे जात. त्याला निकाल देतां येई, बजावतां येत नसे. बजावणी दोन्ही बाजूंच्या जामिनांच्या तोंडावर. पुरावा नसेल तर अनेक टोळ्यांत तापलेलें लोखंड जिभेला लावण्याचें दिव्य असे. मराठेशाहींतील कागदांत उकळत्या तेलांतून धातूचा रवा काढण्याच्या दिव्याचीं वर्णनें ज्यांनीं वाचलीं आहेत त्यांनीं याला रानटी म्हणण्याची घाई करूं नये. खून झाला तर मारेकऱ्याच्या बापाकडील पांच पिढ्यांपर्यंतचे सर्व पुरुष त्या रक्ताला बांधलेले. सूड त्यांच्यापैकीं कोणावरहि उगवितां येई. आणि तडजोड झाली तर भरपाईहि त्या सर्वांनीं मिळून द्यावयाची. बर्कहार्टनें अनझांचा त्या वेळचा दर नोंदविला आहे: पन्नास उंटिणी, एक सांडणी, एक घोडी, एक हबशी गुलाम, एक चिलखत आणि एक बंदूक. एवढी मालमत्ता एकट्याजवळ क्वचितच असे. म्हणून जो तो आपल्या चुलतभावाच्या रागावर नजर ठेवी. पोलीस नव्हता, पण प्रत्येक तापट तरुणामागें त्याचे चाळीस-पन्नास भाऊबंद पोलिसासारखे उभे होते.

त्यांची लग्नाची चालहि यावरूनच उलगडते. बदूंत चुलत्याच्या मुलीवर पहिला हक्क चुलतभावाचा. त्यानें सोडल्याशिवाय ती दुसऱ्यास देतां येत नसे. आमच्यांत सगोत्र म्हणून जी बहीण, तीच त्यांच्यांत वधू. आणि आमच्या अनेक जातींत जी मामाची मुलगी करण्याची चाल, तिचें त्यांना एवढें महत्त्व नाहीं. ऐकतांना चमत्कारिक वाटतें. पण ज्यांनीं एकमेकांच्या रक्ताची भरपाई करावयाची त्यांनीं आपल्या मुली दुसऱ्या घोळक्यांत पाठवून आपलें बळ कां वांटावें, हा त्यांचा हिशेब होता. त्या हिशेबांत मुलीचें मन कोठें बसे हें विचारलें तर उत्तर समाधानकारक मिळत नाहीं.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं हें तर सत्ययुगच झालें. तें तसें नव्हतें, आणि तसें दाखविणें हा इतिहासाचा अपराध होईल. मघांशीं उंटिणीच्या विण्याची गोष्ट ध्यानांत ठेवावयास सांगितली होती. गेलेला कळप घरीं लवकर वाढत नाहीं; मग तो शेजाऱ्याचा आणावा लागतो. त्या स्वारीला 'गझू' म्हणत. तरुण पुरुष उंटांवर बसून, घोड्या मागें बांधून, शेंकडों मैल जात आणि परक्या टोळीचे उंट हांकून आणीत. तरुणाची कीर्ति, त्याचें लग्न आणि त्याच्यावर रचलेल्या कविता यांवर अवलंबून. या लुटीलाहि नियम होते. बर्कहार्ट सांगतो कीं अनझा रात्रीं छापा घालीत नसत; कारण अंधारांतील गोंधळांत बायकांच्या अंगाला हात लागण्याचा संभव, आणि तो विश्वासघात. हेतु कळपाचा असे, प्राणाचा नव्हे. एकदां मनुष्य मेला कीं पांच पिढ्यांचें खातें उघडलें हें दोघांनाहि ठाऊक. तरी माणसें मरतच, आणि ज्याचे उंट गेले त्याच्या मुलांचें दूधहि त्या दिवशींच गेलें.

दुर्बळ खेड्यांकडून व लहान टोळ्यांकडून मोठ्या टोळ्या एक वार्षिक रक्कम घेत. तिचें नांव 'खुव्वा', म्हणजे भाऊबंदकीचें देणें. तें दिलें तर आम्ही तुम्हांला लुटणार नाहीं आणि दुसऱ्यासहि लुटूं देणार नाहीं. चौथाईचा इतिहास ज्यांच्या घरचा आहे त्या आमच्या वाचकांस हें अधिक समजावून सांगावयास नको. देणाऱ्या शेतकऱ्याला त्यांत भाऊपण किती दिसलें असेल तेंहि त्यांना कळेल. टोळीच्या आंतहि सर्व सारखे नव्हते. लोहाराशिवाय तंबूचें पान हालत नसे, परंतु त्याच्याशीं कोणी सोयरीक करीत नसे. सुलैब नांवाचे गाढवांवरून हिंडणारे शिकारी लोक कोणी लुटीत नसत, कारण त्यांना कोणी बरोबरीचें मानीतच नसे. आणि शेखांच्या तंबूंत गुलाम होते. त्यांतले कांहीं शूर म्हणून मान पावत. पण वर खुनाच्या भरपाईंत घोडी आणि चिलखत यांच्या रांगेंत एक माणूस मोजला आहे, तो वाचकांनीं विसरूं नये. काळ्या तंबूचा कायदा ज्यांना पांच पिढ्यांचे भाऊबंद होते त्यांच्यासाठीं होता. ज्यांना नव्हते त्यांनीं कोणाच्या तरी तोंडांत आसरा शोधावा.

मुसिलच्या काळीं रुवलांचा शेख शालान घराण्यांतील नूरी हा होता. शेखाला हुकूम सोडतां येत नसे. बैठकींत बोलून मन वळवावें लागे, आणि मिळालेली संपत्ति पाहुण्यांवर उधळावी लागे. तरी हाच नूरी आपल्या दोन भावांना मारून पुढें आला असें लॉरेन्स लिहितो. टोळीचें मानचिन्ह शेखाच्या तंबूपाशीं असे: शहामृगाच्या पिसांनीं मढविलेला एक लांकडी हौदा. निकराच्या लढाईंत तो उंटिणीवर चढवीत आणि त्यांत केस मोकळे सोडलेली एक कुमारिका बसे. तो शत्रूच्या हातीं पडला तर टोळीचें तोंड कायमचें काळें. १९१८ च्या ऑक्टोबरांत अरब सैन्य दमास्कसमध्यें शिरलें तेव्हां नूरीचे स्वारहि त्यांत होते. तुर्कांचें राज्य गेलें याचा त्यांना आनंद झाला. त्याच्या जागीं काय येत आहे याची कल्पना नसावी.

आल्या त्या सीमा. १९२२ मध्यें अल-जौफचें ओॲसिस इब्न सौदकडे गेलें. १९२३ पासून दमास्कस ते बगदाद मोटारींची नियमित वाहतूक सुरू झाली, आणि उंटांच्या तांड्याचें काम सरत चाललें. २ नोव्हेंबर १९२५ रोजीं हद्दा येथील करारानें वादी सिरहानच्या मुलखांतून नज्द व ट्रान्सजॉर्डन यांची सरहद्द ठरली आणि एका राज्यांतून दुसऱ्यांत स्वारी करणें हा गुन्हा झाला. विमानें व तोफांच्या मोटारी यांपुढें सांडणीस्वाराचा इलाज चालेना. १९३० नंतर ग्लब नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें ट्रान्सजॉर्डनांत खुद्द बदू तरुणांचेंच वाळवंटी पथक उभारलें, आणि थोड्याच वर्षांत गझू बंद पडला. लुटारूंनाच पहारेकरी केलें कीं लूट थांबते, हा धडा जुनाच आहे. नूरी १९४२ मध्यें वारला. १९५८ मध्यें सीरियानें टोळ्यांचा निराळा कायदा रद्द केला, आणि त्याच सुमारास पडलेल्या तीन वर्षांच्या अवर्षणानें कळपांचा फडशा पाडला. उंटांच्या जागीं मेंढ्या आल्या, आणि त्या मेंढ्यांना पाणी नेणारे मोटार-ट्रक.

म्हणून रुवला संपले काय? विल्यम लँकास्टर हा अभ्यासक १९७० नंतर त्यांच्यांत राहिला, आणि १९८१ मध्यें त्यानें आपला ग्रंथ काढला. त्यांत आम्हांला ट्रक, सौदी फौजेंतील नोकऱ्या आणि सरहद्दीवरील चोरटा व्यापारहि दिसतो. परंतु या सर्वांमागें तींच नातीं आणि तोच शब्द. जॉर्डननें १९७६ मध्यें टोळीचे कायदे रद्द केले, तरी तेथें खून किंवा अपघात झाला कीं अजूनहि वडीलधारी माणसें प्रथम मृताच्या घरीं जाऊन तहाची मुदत मागतात. इकडे २०१५ मध्यें युनेस्कोनें अरबी कॉफीची मानवजातीच्या वारशाच्या यादींत नोंद केली. पेला जपला गेला ही गोष्ट चांगली. त्या पेल्याबरोबर जें ओझें यजमानाच्या डोक्यावर येई, तें कोणत्या यादींत लिहावें?

आमच्या टिपणांच्या कडेला काढलेल्या प्रश्नचिन्हाचें आतां आम्ही इतकेंच उत्तर देतों. दंड धरणारा राजा नसला म्हणजे समाज लगेच बुडतो असें नाहीं. पण मग दंड प्रत्येकाला थोडा थोडा धरावा लागतो. चुलतभावाच्या चुकीसाठीं आपला उंट द्यावा लागतो, आणि वैऱ्यासाठीं आपला दोर राखावा लागतो. राज्यसंस्थेनें हें ओझें आमच्या खांद्यावरून उतरविलें, सुलैबाला, लोहाराला व गुलामाला निदान कायद्याच्या कागदावर आमच्या बरोबरीस आणलें, हें तिचें थोर काम. तें आम्ही वर्गांत पूर्वीसारखेंच, किंबहुना अधिक जोरानें सांगतों.

परंतु त्यानंतर एक गोष्ट आम्ही विद्यार्थ्यांना सांगत नाहीं, ती येथें सांगतों. एका पावसाळ्यांत रात्रीं दहाच्या सुमारास आमच्या दाराशीं एक भिजलेला, अनोळखी गृहस्थ उभा राहिला. गाडी चुकली होती, हातांत एक पिशवी होती, आणि त्याला सकाळपर्यंत कोठेंतरी टेंकावयाचें होतें. आम्हीं दाराची सांखळी न काढतां त्याचें नांव विचारलें, गांव विचारलें, आणि पोलीसचौकी कोणत्या वळणावर आहे तें नीट समजावून दिलें. तो "बरें" म्हणून जिना उतरून गेला. आंत येऊन आम्ही जो ग्रंथ वाचीत होतों तो उघडा होता. पान पाहुण्याविषयींचें होतें. त्या रात्रीं कायद्यानें आमचा कांहींच अपराध झाला नाहीं. तरी तें पान पुढें वाचावयास आम्हांला कांहीं दिवस लागले.